कोळंबीच्या टरफलातून किडीला निरोप



आपल्या चिखली भागात सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम चोळताना गुळाचे पाणी घेतात. का बरे? नुसती भुकटी दाण्याला धरत नाही. जिवाणू कितीही चांगला असो, तो दाण्यासोबत मातीत पोहोचला तरच उपयोग. जनुकांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही आज हाच प्रश्न आहे.

किडीच्या अंगातील प्रत्येक कामाचा हुकूम जनुकातून सुटतो. तो हुकूम अडवणारा आरएनए नावाचा धागा प्रयोगशाळेत बनवता येतो. ज्या किडीच्या जनुकाशी तो जुळेल तिच्यावरच परिणाम व्हावा, मधमाशी वाचावी, हा हेतू. पण धागा नाजूक. किडीच्या पोटातील रस त्याचे तुकडे करतो. म्हणून त्याला वाहक हवा.

असा एक वाहक कोळंबी-खेकड्याच्या टरफलातून मिळतो. टरफलातील कायटिन कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात तापवले की त्याचे कायटोसान होते. किंचित आंबट पाण्यात ते विरघळते व त्यावर धन विद्युतभार येतो. आरएनएवर ऋण भार असतो. दोघे एकमेकांस धरतात, अतिसूक्ष्म कण होतात व धागा जपला जातो. २०१० साली अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी असे कण हिवताप पसरवणाऱ्या डासाच्या अळ्यांना खाऊ घातले. अळ्यांचे कायटिन बनवणारे जनुक मंदावले. म्हणजे कवचाच्याच पदार्थाने कवचाचे काम अडवले!

मग आपल्या गुलाबी बोंडअळीचे काय? २००२ मध्ये बीटी कपाशी आली, पुढे अळी तिलाही पचवू लागली. २०१७ च्या हंगामात विदर्भाने काय सोसले, ते आपण विसरलेलो नाही. पण पतंगवर्गीय अळ्यांच्या पोटातील रस खारवट, म्हणजे आंबटाच्या उलट असतो. तिथे कायटोसानची पकड सैल होते. अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरात बटाट्यावरील भुंग्यासाठी आरएनएची फवारणी मंजूर झाली खरी, पण भुंगा वेगळा आणि बोंडअळी वेगळी.

तेव्हा कोणी ‘जनुकाचे औषध’ म्हणून बाटली पुढे केली, तर आधी लेबल वाचा, पक्के बिल मागा. पीकवाढीसाठी विकले जाणारे कायटोसान बोंडअळीचे औषध नव्हे.

तोवर हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग सापडले, तर लगेच कृषी कार्यालयात विचारा. फरदड घेऊ नका आणि पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका.