ओझं कमरेवर, पाठ मोकळी

पहाटेच्या लोणावळा लोकलसाठी पिंपळे सौदागरहून कासारवाडी स्टेशन गाठणाऱ्या ट्रेकर मंडळींच्या पाठीवर नजर टाकली, तर बरेचदा तीच सॅक दिसते जी आठवडाभर हिंजवडीच्या ऑफिसात जा-ये करते. लॅपटॉप काढून ठेवला, पाण्याच्या दोन बाटल्या आणि डबा कोंबला, वर रेनकोट दाबून बसवला की ट्रेकची तयारी झाली. घरात आहे ते वापरावं, हा हिशेब वाईट नाही. पण लॅपटॉपची सॅक शिवली जाते ती एक नाजूक वस्तू धक्क्यापासून जपत पार्किंगपासून लिफ्टपर्यंत नेण्यासाठी. तिला कमरेचा पट्टा नसतो, असलाच तर नावापुरता. दोन तासांची चढण आणि पुढे घसाऱ्याची उतरण तिच्या शिवणाऱ्यानं गृहीतच धरलेली नसते. लोहगड, विसापूर, तिकोना, कोरीगड असे सकाळी जाऊन दुपारी परतण्याजोगे किल्ले ज्यांना करायचे आहेत, त्यांनी कमरेला बांधायची सॅक घ्यावी, असं माझं म्हणणं आहे. मात्र ती निवडताना बहुतेक जण खिसे आणि लिटर मोजत बसतात. मोजायला हवं ते पाणी, आणि पारखायला हवा तो पट्टा.

कमरेची सॅक म्हटलं की जत्रेत पैसे ठेवायला पोटावर बांधतात ती छोटी पाउच डोळ्यांपुढे येते. इथे ती अभिप्रेत नाही. दुकानात ‘लंबर पॅक’ या नावानं मिळणारी ही पिशवी मागच्या बाजूला, पाठीच्या खालच्या खोलगट भागात बसते. तिच्यात साधारण ५ ते १५ लिटर सामान मावतं. दोन्ही बाजूंना बाटल्यांचे कप्पे असतात, पिशवीच्या कडांपासून पुढे येणारे पॅड घातलेले रुंद पंख असतात, समोर बकल आणि पिशवी अंगाशी आवळून धरणारे छोटे पट्टे असतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १९७९ मध्ये सुरू झालेल्या माउंटनस्मिथ कंपनीनं हा प्रकार डोंगरात फिरणाऱ्यांमध्ये चांगलाच रुळवला. सामान जरा जड झालं तर जोडायला सुटे खांदापट्टेही त्या कंपनीनं काढले. धावणाऱ्यांचा बारीक इलॅस्टिकचा बेल्ट हा पुन्हा तिसराच प्रकार. त्यात मोबाइल आणि अर्ध्या लिटरची बाटली राहते, त्यापुढे तो लोंबू लागतो.

आता एका दिवसाच्या ट्रेकचं वजन मांडून पाहू. मळवली स्टेशनवरून भाजे गावातून गायमुख खिंडीमार्गे लोहगड करायचा तर जाऊन-येऊन, गड पाहून अर्धा दिवस लागतो. माणशी दोन लिटर पाणी घेतलं तर ते झालं दोन किलो. पोळीचे रोल, चिक्की, खजूर मिळून तीन-चारशे ग्रॅम. पातळ रेनजॅकेट तीनशे, मोबाइल आणि पॉवर बँक मिळून चारशे, विजेरी आणि मलमपट्टीचं सामान दोनशे. एकूण बेरीज साडेतीन किलोच्या अलीकडेच राहते आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन एकट्या पाण्याचं असतं. म्हणजे सॅक केवढी घ्यायची हा प्रश्न खरं तर किती पाणी न्यायचं हा आहे. बाकीचं सामान सात-आठ लिटरच्या जागेत सहज मावतं. शिवाय पाणी हे एकच ओझं असं की ते वाटेत कमी होत जातं. गडाच्या पायथ्याच्या गावात बाटली पुन्हा भरून घेता येणार असेल, तर निघताना दोन लिटरही लागत नाहीत. वीस-पंचवीस लिटरची सॅक घेतली की मात्र रिकामी जागा माणसाला गप्प बसू देत नाही. जादा टी-शर्ट, मोठा टॉवेल, अख्खा फरसाणाचा पुडा, सगळं तिच्यात जाऊन बसतं आणि न उघडता परत येतं.

हेच तीन-चार किलो पाठीवर घेतले तर काय बिघडलं, असं कुणी विचारेल. वजन तेच राहतं, पण ते शरीराच्या कुठल्या भागावर आणि किती अंतरावर आहे यानं फरक पडतो. चाकणच्या कारखान्यांत सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेतलेल्यांना हे नवं नाही: वस्तू उचलताना ती अंगाशी धरा. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेनं १९९१ मध्ये सुधारलेल्या वजन उचलण्याच्या सूत्रात हे आकड्यांत मांडलं आहे. वस्तू शरीरापासून २५ सेंटिमीटरवर असताना जेवढं वजन उचलणं ठीक मानलं जातं, ते अंतर ५० सेंटिमीटर झालं की निम्म्यावर येतं. हे सूत्र हातानं उचलायच्या वजनाचं आहे, पाठीवरच्या सॅकचं नव्हे. पण त्यामागचं तरफेचं तत्त्व दोन्हीकडे लागू पडतं. माणसाचा गुरुत्वमध्य ओटीपोटाच्या आसपास असतो. मऊ सॅक खांद्यांवरून मागे लोंबते तेव्हा वजन त्या मध्यापासून वर आणि मागे जातं, आणि तोल सांभाळायला माणूस पुढे झुकतो. खांदे आणि मान धरतात ती यामुळे. लेकरू हातांवर जड झालं की आई त्याला कडेवर घेते, तेच इथे करायचं आहे. कमरेच्या सॅकचं वजन थेट ओटीपोटाच्या हाडांवर येतं आणि गुरुत्वमध्याजवळ राहतं. घसाऱ्यावर पाय सरकला किंवा तिकोन्याच्या उंच, उभ्या पायऱ्यांवर अंग वळवावं लागलं, तर वरचं धड मोकळं असतं आणि मागे खेचणारं काही नसतं.

दुसरा मुद्दा घामाचा. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो त्वचेवरून हवेत गेला तरच, कपड्यातून निथळून गेला तर नाही. पाठ हा अंगाचा मोठा सपाट भाग. त्यावर फोमची सॅक चिकटून बसली की तिथला घाम वाळायचा थांबतो. त्यामुळे लगेच उष्माघात होईल असं नाही, पण ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मे महिन्यात विसापूरचा चढ चढताना ओल्या पाठीची चिकचिक आणि पुढे माचीवरच्या वाऱ्यात भरणारी हुडहुडी यांचा त्रास होतोच. कमरेच्या सॅकखालीही घाम येतो, पण हातभर पट्टीपुरता.

निवडीकडे येताना म्हणूनच आधी पट्टा पाहावा. कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारी हाडाची कड असते. पंखांचा पॅड त्या कडेवर बसून थोडा खाली उतरायला हवा. तो फार अरुंद असेल तर रुततो आणि फार मऊ असेल तर भार पडताच दुमडतो. बोटांनी दाबून पाहिल्यावर जो फोम थोडा दबून परत वर येतो तो चांगला. माप घेताना पँटचा नंबर कामाचा नाही. ट्रेकचे कपडे घालून, हाडाच्या कडेवरून टेप फिरवून माप घ्यावं आणि बकल लावल्यावर पट्टा सैल व घट्ट करायला दोन्हीकडे जागा उरते का ते बघावं. पंख समोर एकमेकांना भिडत असतील तर सॅक मोठी आहे. मग पट्टा कितीही ओढला तरी ती घसरणार. दोन्ही टोकं पुढे ओढून आवळता येणारा पट्टा एका बाजूनं ओढायच्या पट्ट्यापेक्षा बरा, कारण बकल मध्यावर राहतं. पट्ट्याचं सूतही विचारून घ्यावं. नायलॉन पाणी शोषतं आणि ओलं झालं की थोडं सैल पडतं, पॉलिएस्टर फारसं पडत नाही. गाडीचा सीटबेल्ट पॉलिएस्टरचा असतो, हे पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

पट्ट्यानंतर बाटल्या. एकच मोठी बाटली मधोमध ठेवण्यापेक्षा दोन्ही कुशींना एकेक लिटरची बाटली असलेली सॅक घ्यावी आणि आळीपाळीनं दोन्हीतून पाणी प्यावं, नाहीतर एका बाजूला झोक जातो. कप्पे पुढच्या बाजूला थोडे कललेले असले तर चालता चालता बाटली काढता येते. मात्र ते फार उघडे असले तर वाकताना बाटली सुटून दरीत जाते. पिशवी अंगाशी ओढणारे छोटे पट्टे नसलेली सॅक घेऊच नये, कारण पाणी संपत आलं की मोकळं झालेलं सामान आत डुचमळतं. कापडाच्या आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा लेप आपल्या दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन सोलून निघतो, तेव्हा ‘वॉटरप्रूफ’ या शिक्क्यावर विसंबू नये. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर तासा-दीड तासावरच्या लोणावळ्यात ४,००० मिलिमीटरच्या वर. त्या पावसात रेनकोटवरून ओघळणारं पाणी नेमकं कमरेच्या सॅकवर येऊन पडतं. मोबाइल आणि कोरडा टी-शर्ट आत वेगळ्या, तोंड गुंडाळता येणाऱ्या पिशवीत ठेवणं हाच खात्रीचा उपाय.

पारख दुकानातल्या आरशापुढे होत नाही. दोन भरलेल्या बाटल्या घालून सॅक बांधावी, एक गुडघा छातीकडे उचलावा, उकिडवं बसून उठावं, जागच्या जागी चार उड्या माराव्यात. मांडी वर येताना पट्टा पोटात रुतला किंवा उड्या मारताना पिशवी पाठीवर आपटली, तर ती सॅक परत ठेवावी. ऑनलाइन मागवलेली असेल तर बदलून द्यायची मुदत संपायच्या आत सोसायटीच्या जिन्यानं भरलेल्या सॅकसह दहा-बारा मजले चढून-उतरून पाहावं. उतरताना दोष लवकर कळतात. पुढच्या रविवारी बेगडेवाडी स्टेशनजवळचं घोरावडेश्वर गाठावं. तिथल्या पायऱ्या आणि लेण्यांपर्यंतचा छोटा चढ परीक्षेला पुरेसा आहे, आणि काही चुकलं तर घर जवळ आहे.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप असा की डोंगरात अडकलो तर एवढ्याशा सामानावर भागणार कसं? लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्था हाकेला धावून जातात, पण त्या पोचेपर्यंत काही तास जाऊ शकतात, तेवढा वेळ आपला आपण काढायचा असतो. हे अगदी खरं आहे. पण त्या तासांत उपयोगी पडणाऱ्या वस्तू, म्हणजे डोक्याला लावायची विजेरी, शिट्टी, पातळ रेनजॅकेट, चकचकीत फॉइलची घडीची चादर आणि थोडं राखीव खाणं, या सगळ्या मिळून तळहाताएवढ्या दोन पुड्यांत बसतात. मोठ्या सॅकमध्ये त्या असतीलच असं नाही. तिथे बहुधा फरसाण असतं. मोठी मलमपट्टीची पेटी गटात एकानं घेतली तरी पुरते. मात्र या आक्षेपानं कमरेच्या सॅकची हद्द ठरते, ती मान्य करायला हवी. राजगड ते तोरणा ही डोंगरधारेवरची लांब वाट उन्हाळ्यात करायची तर पाणीच चार लिटरच्या पुढे जातं. सहा-सात किलो कमरेवर टांगले की पट्टा एवढा आवळावा लागतो की श्वास अडतो. मुक्कामाचा हरिश्चंद्रगड, दोर लागणारे कातळटप्पे किंवा सोबत लहान मूल असणं, इथे हिप बेल्टवाली पाठीवरचीच सॅक हवी. साधारण चार किलो ही रेषा धरून चालावं.

दुसरा आक्षेप शरीराचा. पट्टा कमरेवर आवळून चालल्यानं मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या किंवा बधिरपणा येतो, अशी तक्रार काहींची असते. तिला आधार आहे. त्या भागाची संवेदना वाहणारी नस ओटीपोटाच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून जाते आणि घट्ट पट्ट्यानं ती दबू शकते. उपाय पट्टा रुंद घेण्याचा आणि तासाभरानं दोन मिनिटं सैल करण्याचा. तरी बधिरपणा राहिला तर ही सॅक आपल्यासाठी नाही असं समजावं. गरोदरपण, हर्निया, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया किंवा मणक्याचा जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणखी एक अडचण उतरणीची. निसरड्या टप्प्यावर आपण बूड टेकवून उतरतो, तेव्हा ही सॅक खडकाला घासते आणि पुढे ढकलतेही. अशा वेळी पट्टा थोडा सैल करून ती कुशीला फिरवावी, किंवा तोंड डोंगराकडे करून उतरावं. कळसूबाईच्या शिड्यांवर ती पोटाकडे मात्र फिरवू नये. गजांत अडकते आणि पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही.

शेवटी पैशांचा प्रश्न राहतो. चालती सॅक घरात असताना नवी का घ्यावी? वर्षातून एकदा पावसाळ्यात लोहगडावर जाणाऱ्यानं खरोखरच घेऊ नये. लॅपटॉपच्या सॅकमधलं अनावश्यक सामान काढलं, पाणी पाठीलगत ठेवलं आणि खांदापट्टे आखूड केले तरी त्याचं भागेल. पण जो महिन्यातून एकदा-दोनदा डोंगरात जातो, त्यानं पुढची खरेदी मोठ्या सॅकची करण्याआधी आपल्या नेहमीच्या ट्रेकचं सामान एकदा वजनकाट्यावर ठेवावं. पाणी धरून काटा चार किलोच्या आत थांबला, तर त्याला जास्त लिटरची गरज नाही, नीट बसणाऱ्या पट्ट्याची आहे.