स्कुबाच्या सूट-बुटांना वास का येतो? धुणं सगळेच करतात, चूक वाळवण्यात होते

मालवण : सुट्टीच्या दिवसात मालवण, तारकर्ली, देवबागला स्कुबासाठी पर्यटकांची रांग लागते. सकाळी एकाने घातलेला वेटसूट दुपारी दुसऱ्याच्या अंगावर चढतो. मग एखादा पाहुणा सूट हातात घेतो आणि नाक मुरडतो. तिथे काही बोलत नाही, पण घरी गेल्यावर मोबाईलवर लिहितो. धंद्याला ते महागात पडतं.

हा वास समुद्राचा नसतो, माणसाचा असतो. वेटसूट निओप्रिनचा, म्हणजे आत बारीक बुडबुडे असलेल्या रबराचा, आणि वर कापड. घाम, अंगाचा मळ, सनस्क्रीन त्या कापडात बसतं. सूट ओलाच राहिला की त्यावर जिवाणू वाढतात. आणि स्पष्टच बोलायचं तर लघवी. पाण्यात उतरल्यावर थंडी आणि दाबामुळे हातापायातलं रक्त छातीकडे सरकतं आणि मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. कुणी मुद्दाम करत नाही. म्हणून सूट चढवायच्या आधी पाहुण्याला बाथरूमला जाऊन यायला सांगा, निम्मं काम तिथेच होईल.

धुताना एकाच टबात वीस सूट बुचकळून काढले तर शेवटचे सूट पहिल्यांच्या घाणीतच निघतात. दोन टब ठेवा, एक धुवायला, एक खळबळायला, आणि पाणी बदलत राहा. उन्हाळ्यात किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. त्या पाण्याने सूट कितीही खळबळला तरी मीठ राहतंच, निदान शेवटचं पाणी तरी गोडं हवं. सूट उलटा करून, आतली बाजू बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं भिजत ठेवा. लहान मुलांचा सौम्य शॅम्पू चालतो, वेटसूटसाठी वेगळं लिक्विडही मिळतं. कपड्याची कडक पावडर, ब्लीच, गरम पाणी आणि वॉशिंग मशीन मात्र नको. पिळूही नका.

खरी गडबड पुढे होते. घाईत सूट उन्हात दोरीवर टाकले जातात. कडक उन्हाने निओप्रिन ताठ होतं आणि त्याला भेगा पडतात. बारीक दोरीवर किंवा तारेच्या हँगरवर खांद्याला वळ पडतात. पडवीत, वारा खेळेल अशा जागी जाड हँगरवर किंवा बांबूवर टाका. आधी आतली बाजू सुकू द्या, मग सुलटा करा. जाड सूट एका रात्रीत वाळतोच असं नाही. त्यामुळे आमच्या मते सूटचा एक जादा संच घेणं हा खर्च नाही, गरज आहे.

बुटांचं दुखणं याहून मोठं. जाड तळवा, आत वाळू आणि दिवसभराचा पायाचा घाम. चेन पूर्ण उघडून जुन्या ब्रशने आतून घासा. वास बसलाच असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवा, मग गोड्या पाण्यातून काढा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीच एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो. नंतर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला, आणि शेवटी बूट उलटे टांगा. ओले बूट एकाच्या पायातून दुसऱ्याच्या पायात गेले तर बोटांमधल्या चिखल्याही सोबत जातात. पायाला चिखल्या किंवा अंगावर गजकर्ण दिसत असेल त्याला सामान देताना विचार करा. संकोच वाटतो, पण पुढच्या माणसाचं काय?

पावसाळ्यात समुद्र बंद झाला की सामान खोलीत जातं आणि कोकणातल्या दमट हवेत बुरशी धरतं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, घडीही घालू नका. चेनला मेणबत्ती घासून, सूट टांगून, उंदीर पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा दार उघडून पंखा लावा.