सिस्कोचा फसलेला घरोबा

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्सने आयफोन दाखवला आणि दुसऱ्याच दिवशी ॲपलवर खटला दाखल झाला. ‘आयफोन’ हे नाव अमेरिकेत सिस्कोच्या मालकीचं होतं. २००० मध्ये इन्फोगिअर ही छोटी कंपनी घेताना ते सिस्कोच्या पदरात पडलं होतं. जॉब्सच्या भाषणाच्या काही आठवडे आधीच सिस्कोने त्या नावाचे, इंटरनेटवरून बोलायचे घरगुती फोन बाजारात आणलेही होते. फेब्रुवारीत तडजोड झाली, नाव दोघांनीही वापरायचं ठरलं. सिस्कोचा आयफोन पुढे कुणाच्या खिजगणतीतही राहिला नाही.

पण ही कंपनी मुळात घरगुती फोन विकायला निघालीच कशी?

१९८४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने सिस्को स्थापन केली. धंदा राऊटरचा, म्हणजे वेगवेगळ्या नेटवर्कमधल्या माहितीला वाट दाखवणाऱ्या यंत्रांचा. गिऱ्हाईक म्हणजे बँका, विद्यापीठं, सरकारी खाती, टेलिफोन कंपन्या. तिथे खरेदी टेंडरने होते, वर्षाचा देखभाल करार होतो, आणि यंत्राचा रंग कोणता हे कुणी विचारत नाही. मार्च २००० मध्ये सिस्को काही काळ जगातली सर्वांत जास्त बाजारमूल्याची कंपनी होती. मग डॉटकॉमचा फुगा फुटला, आणि वाढ आणायची कुठून हा प्रश्न कंपनीचे प्रमुख जॉन चेंबर्स यांच्यापुढे उभा राहिला.

२००३ मध्ये त्यांनी सुमारे ५० कोटी डॉलरना लिंक्सिस घेतली. तैवानहून आलेल्या व्हिक्टर आणि जेनी त्साओ या जोडप्याने १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथे घरच्या गॅरेजमध्ये ती सुरू केली होती. तिचा निळ्या-काळ्या रंगाचा, मागे दोन अँटेना असलेला ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हा वायफाय राऊटर आजही जुन्या तंत्रवेड्यांना आठवतो. त्याच्या पोटात लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली चालते हे हौशी मंडळींनी शोधून काढलं. लिनक्सच्या परवान्यानुसार त्यात वापरलेला कोड खुला करणं भाग होतं, आणि कंपनीला तो करावा लागला. त्यातूनच पुढे ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही राऊटरची मुक्त प्रणाली उभी राहिली. या सगळ्या प्रकरणात टिकून राहिलेली सर्वांत मोठी देणगी हीच, आणि ती सिस्कोने मनात आणून दिलेली नव्हे.

चेंबर्स यांचं गणित सरळ होतं. घराघरांत व्हिडिओ वाढला की इंटरनेटवरची वर्दळ वाढेल, मग टेलिफोन कंपन्यांना सिस्कोचे मोठे, महागडे राऊटर घ्यावेच लागतील. म्हणून सेट-टॉप बॉक्स बनवणारी सायंटिफिक अटलांटा घेतली. २००५ मध्ये जाहीर झालेला हा सौदा ६९० कोटी डॉलरचा होता. डीव्हीडी प्लेअर बनवणारी डेन्मार्कची ‘किस’सुद्धा त्याच सुमारास घेतली.

२००९ च्या मार्चमध्ये पाळी आली फ्लिपची. हा कॅमेरा होताच मोठा गोड. खिशात मावणारा, मागे एक ठसठशीत लाल बटण. ते दाबलं की चित्रीकरण सुरू, पुन्हा दाबलं की बंद. कडेची कळ ओढली की यूएसबीची दांडी टपकन बाहेर येई, ती थेट संगणकात खुपसायची. वायर शोधायला नको, माहितीपुस्तक उघडायला नको. तो बनवणाऱ्या प्युअर डिजिटलला सिस्कोने सुमारे ५९ कोटी डॉलरचे शेअर देऊ केले. मे महिन्यात व्यवहार पुरा झाला. जूनमध्ये ॲपलचा व्हिडिओ घेणारा पहिला आयफोन, ‘थ्रीजीएस’, दुकानांत आला. याला दुर्दैव म्हणावं, तर फोनमध्ये व्हिडिओ येणार हे काही कुणापासून लपलेलं नव्हतं. एप्रिल २०११ मध्ये सिस्कोने फ्लिप विकलाही नाही, सरळ बंद केला. सुमारे ५५० नोकऱ्या गेल्या.

‘उमी’ची तऱ्हा तर त्याहून न्यारी. टीव्हीला जोडून समोरासमोर बोलायचं हे यंत्र ऑक्टोबर २०१० मध्ये जाहीर झालं, किंमत ५९९ डॉलर आणि वर दरमहा सुमारे २५ डॉलर. चित्र सुरेख दिसे, पण स्काइपवर नातवंडांशी फुकट बोलणाऱ्या आजी-आजोबांनी त्यासाठी पदरमोड का करावी? दीड वर्षाच्या आतच सिस्कोने उमीची विक्री थांबवली.

सिस्कोला मूळ धंद्यात शंभर डॉलरच्या विक्रीमागे साठाहून अधिक ढोबळ नफा मिळे. घरगुती वस्तूंचा नफा त्या मानाने चण्याफुटाण्याएवढा. माझ्या मते मात्र खरी चूक नफ्याच्या हिशेबात नव्हती. व्हिडिओची वर्दळ वाढेल हा चेंबर्स यांचा होरा तंतोतंत खरा ठरला. ती यूट्यूबने वाढवली, नेटफ्लिक्सने वाढवली. त्यासाठी सिस्कोने स्वतः कॅमेरे विकायची गरजच नव्हती.

२०१३ मध्ये लिंक्सिस बेल्किनकडे गेली, २०१५ मध्ये सेट-टॉप बॉक्सचा विभाग फ्रान्सच्या टेक्निकलरला विकायचं ठरलं. घराचं दार सिस्कोने स्वतःच ओढून घेतलं. तेव्हा या दिवाळीत उमीसारखं मासिक वर्गणीवर चालणारं एखादं घरगुती उपकरण घेणार असाल, तर दुकानदाराला किमतीआधी एक विचारा: कंपनीने ही सेवा बंद केली, तर हे यंत्र नुसतं चालेल का?