जुनी चेनसॉ चालू झाली, म्हणजे सेफ झाली का?

पावसाळा जवळ आला की ठाणे, कल्याण-डोंबिवलीत फांद्या छाटायची गडबड सुरू होते. कुणी जुनी पेट्रोल चेनसॉ दाखवली, तर मी इंजिनाआधी चेन ब्रेक बघतो. का? चेन ज्या पट्टीवर फिरते, तिच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन झटक्यात तोंडाकडे उसळते. हाच किकबॅक. तेव्हा ब्रेक चेन थांबवतो. १९७० च्या आधीच्या मशीनमध्ये तो सहसा नसतोच; अशी मशीन रिपेअर करून शोकेसमध्येच ठेवा.

ब्रेक असेल तर चेनला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढा. टू-स्ट्रोक ऑइल मॅन्युअलप्रमाणेच मिसळा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली. आणि हो, झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या कायद्यानुसार आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या.