निरोगी वार्धक्य : मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाचा विषय

भिलाई पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. त्या वेळचे तरुण कामगार आज पंचाऐंशी ओलांडलेले वृद्ध आहेत. या शहरातील मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी वार्धक्य हा केवळ पुस्तकी विषय उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी वार्धक्य म्हणजे केवळ आजार नसणे नव्हे, तर स्वतःला मोलाचे वाटते ते करण्याची क्षमता टिकणे. उतारवयातील नैराश्य पुष्कळदा विसराळूपणाच्या रूपात दिसते आणि घरचे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. स्मृतिभ्रंश सहसा बरा होत नाही. नैराश्यावर मात्र उपचार आहेत. हा फरक ओळखणे सर्वांत महत्त्वाचे.

परदेशी स्मृतिचाचण्या साक्षरांसाठी बेतलेल्या असतात. म्हणून निरक्षर वृद्धांसाठी १९९५ मध्ये हिंदी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत वाक्य लिहायला न लावता घराविषयी काही सांगायला सांगतात.