लिअरची बायको कुठे गेली?

पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्यावरून उठलेला गदारोळ २९ जून २०२५ला शासन निर्णय मागे घेतल्यावर तेवढ्यापुरता शमला. या सगळ्या भांडणात इंग्रजीची चौकशी मात्र कुणी केली नाही. महाराष्ट्रात ती पहिलीपासून शिकवायला लागून २०२५मध्ये पंचवीस वर्षं झाली. पत्रलेखन, निबंध, ग्रामर सगळं होतं. पण चारचौघांत उभं राहून चार वाक्यं बोलायची म्हटली की आठवीतल्या पोराच्या घशाला कोरड पडते. क्लासवाल्यांनी ही नस बरोबर पकडली आहे. सुट्टी लागली की नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडवर 'इंग्लिश ड्रामा'चे फलक लागतात. फलकावर 'कॉन्फिडन्स' मोठ्या अक्षरांत, नाटकाचं नाव कुठेच नाही. फोडणी तडतडतेय आणि पोह्यांचा पत्ता नाही, असला प्रकार.

शाळेत नाटक असतं, पण प्रश्नोत्तरांपुरतं. आयसीएसईची मुलं 'ज्युलिअस सीझर'मधली ओळ कोण कुणाला म्हणालं ते झोपेतही सांगतील. राज्य मंडळाच्या मुलांना 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला वेचा भेटतो तो अकरावीत, म्हणजे डोक्यावर सीईटी बसल्यावर. खरं तर शेक्सपिअरच्या ओळीत साधारण पाच ठोके असतात. बाकावर हात आपटत ती म्हणायला सातवीतली मुलंही शिकतात, आणि उच्चारांचं भय निम्मं तिथेच सरतं.

नाशिकला असा नाटकातून इंग्रजी शिकवणारा क्लास काढायला बाहेरून काही आणावं लागत नाही. याच गावच्या शाळेत शिकलेल्या वि. वा. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'चा 'राजमुकुट' केला, 'ऑथेल्लो' मराठीत आणलं आणि १९७० साली 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं. 'नटसम्राट'च्या मुळाशी 'किंग लिअर' आहे हे सगळेच सांगतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते शिरवाडकरांनी काय बदललं ते. लिअरला तीन मुली आहेत, पण राणी रंगमंचावर येतच नाही. 'नटसम्राट'मधल्या अप्पा बेलवलकरांना मात्र बायको आहे, कावेरी, त्यांची 'सरकार'. का दिली असेल? लिअरकडून राज्य जातं, अप्पांकडून घर. घर जाताना कळायचं तर घर सांभाळणारी कुणीतरी समोर हवी, असं मला वाटतं. नववीतली एखादी मुलगी याहून वेगळं उत्तर देईल आणि ते कदाचित माझ्यापेक्षा बरं असेल. पण त्यासाठी तिने लिअरचा वादळातला प्रवेश इंग्रजीत आणि अप्पांचं स्वगत मराठीत, दोन्ही मोठ्याने म्हटलेलं हवं.

'इंग्रजीच्या क्लासात मराठी कशाला?' असं पालक विचारतील. फी इंग्रजीची भरलेली असते, त्यांचंही चूक नाही. पण घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला राजा का चिडलाय हे आधी मराठीत उमगलं, तर इंग्रजी वाक्य त्याच्या तोंडून पाठांतरासारखं येत नाही. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, निदान तेव्हापासून आपल्याकडे शेक्सपिअर दोन्ही भाषांत शेजारी शेजारी नांदतो आहे. फक्त शाळांनी मधे भिंत घातली.

खर्चाचं म्हणाल, तर शेक्सपिअरवर कुणाचा हक्क उरलेला नाही. १८४०पासूनचं सार्वजनिक वाचनालय गावात आहे, सायखेडकर नाट्यगृह त्याचंच. शनिवारची सकाळ आणि पंधरा मुलं, तीही निम्मी मराठी माध्यमातली, एवढ्यावर पुढच्या सुट्टीतली पहिली तुकडी उभी राहते. स्नेहसंमेलनातली भाडोत्री झगमगीत वेशभूषा नसली तरी चालेल.