विद्युत्कणांचें पेंव

सोलापूरच्या दक्षिणेस असलेल्या मंद्रूप गांवीं गेल्या पौषांत आम्ही एका आप्तांच्या घरीं मुक्कामास होतों. रात्रीं अंधारांत घोंगडी झटकली, तों चटचट आवाज होऊन बारीक ठिणग्या उडाल्या. थंडीच्या कोरड्या हवेंत लोंकर कापडावर घासली कीं तिच्यावर विद्युद्भार सांचतो व वाट न मिळाल्यामुळें तेथेंच अडकून राहतो, हें वाचकांस ठाऊक असेलच. श्रावणांतील दमट हवेंत तो गुपचूप निघून जातो.

परंतु कांहीं विद्युद्रोधक पदार्थांत हा कैदी महिनोन् महिने टिकतो, आणि त्याच्या कैदेवर माणसाचें आरोग्य अवलंबून असतें. त्याच घरीं निघालेल्या एका गोष्टीवरून हें आमच्या मनांत आलें. आप्तांचे चिरंजीव शहरांतील एका रुग्णालयांत क्ष-किरण विभागांत काम करतात. कामावर छातीला एक बिल्ला लावावा लागतो असें ते म्हणाले, तेव्हां त्यांच्या मातोश्री उद्गारल्या, "म्हणजे ताईतच म्हण कीं रे!"

"ताईत कसला, आई! घाईच्या दिवशीं तो टेबलाच्या खणांतच राहतो. आंकडा फुगला म्हणजे उगाच चौकशी मागें लागते." चिरंजीव हंसले. आम्हांला मात्र हंसूं आलें नाहीं.

हा बिल्ला ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत सिद्ध झाला व १९७० नंतरच्या दशकांत वापरांत आला. त्यांत टेफ्लॉनच्या ३ लहान चकत्या असून त्यांमध्यें किंचित् डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटची पूड असते. क्ष-किरण या पुडींत शिरले म्हणजे विद्युत्कणांना जागेवरून उठवितात. बहुतेक लगेच परततात. कांहीं मात्र स्फटिकाच्या रचनेंतील उणिवांत, खड्ड्यांत पडावे तसे, अडकतात. त्यांनीं सोडलेल्या रिकाम्या जागाही अन्यत्र अडकतात. म्हणून एकंदर बेरीज शून्यच राहते व घोंगडीसारखी ठिणगी उडत नाहीं. पूर्वीं आपल्याकडे जोंधळा पेंवांत भरून ठेवीत, तसाच हा सांठा. जितके किरण अधिक, तितकें पेंव अधिक भरलेलें.

साधारणतः दर ३ महिन्यांनीं चकत्या तपासणीस जातात. तेथें तप्त नत्रवायूच्या झोतानें त्या २०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापविल्या कीं तें पेंव फुटतें. विद्युत्कण निसटून रिकाम्या जागा भरतात, आणि त्या वेळीं सुटलेली शक्ति डिस्प्रोशियम प्रकाशरूपानें बाहेर टाकतें. तो प्रकाश मोजला कीं किरणांची मात्रा कळते. आपल्या देशांतील नियमाप्रमाणें अशा कामावरील माणसाची मात्रा सलग ५ वर्षांच्या सरासरीनें वर्षास २० मिलिसीव्हर्ट, व कोणत्याही एका वर्षीं ३० मिलिसीव्हर्ट, यांहून अधिक होतां कामा नये.

ताईत संकट टाळतो अशी लोकांची श्रद्धा आहे. हा बिल्ला कांहींच टाळीत नाहीं. तें काम शिशाच्या पडद्याचें व सुरक्षित अंतराचें. हा केवळ साक्षीदार आहे. त्याला खणांत कोंडून मिळविलेला निर्दोषपणाचा दाखला काय कामाचा? शरीरानें घेतलेली मात्रा त्यामुळें रतिभरही कमी होत नाहीं. वेळींच मिळणारी सूचना तेवढी बुडते.

आम्हीं हें सांगितल्यावर मातोश्री चिरंजीवांस इतकेंच म्हणाल्या, "जानवें विसरत नाहींस ना? मग हाही विसरूं नकोस." ज्या घरांतील कोणी अशा विभागांत काम करीत असेल, त्या घरीं बिल्ल्याची विचारपूस अवश्य व्हावी.